बारमाही नावाचे फळ : रासबेरी, बहार आणि चोरखमाऱ्याची सांदवाडी

गोंदिया जिल्ह्यातल्या तिरोडा तालुक्यात, नागझिऱ्याच्या जंगलाच्या कडेला, चोरखमारा नावाचे गाव आहे. नागझिरा पाहायला जाणाऱ्यांना हे नाव अभयारण्याच्या एका प्रवेशद्वारामुळे आणि गावाजवळच्या विस्तीर्ण तलावामुळे ठाऊक असते. आमच्या एका वृद्ध स्नेह्यांचे घर तिथे आहे. त्यांची लेक अमेरिकेत असते. तिच्या घरामागच्या कुंपणाला लाल रासबेरी लागते, तीही वर्षातून दोनदा, आणि नातू शाळेतून आला की आधी कुंपणाकडे धावतो, हे त्यांनी छायाचित्रांत पाहिले होते. दोन वर्षांपूर्वी त्यांनी आम्हाला विचारले, की हे बारमाही फळ आपल्या सांदवाडीत येईल का? नातू दिवाळीनंतर येणार होता. त्याच्या ओळखीचे काहीतरी एक झाड घरी असावे, एवढीच त्यांची इच्छा होती.

प्रश्न साधा होता आणि त्याचे उत्तरही एका शब्दात देता आले असते. परंतु शोधू लागलो तेव्हा ध्यानात आले, की या प्रश्नात तीन निरनिराळे इतिहास गुंतलेले आहेत. एक त्या फळाचा, दुसरा महाराष्ट्रात आलेल्या विलायती बागांचा आणि तिसरा झाडीपट्टीतल्या पाण्याचा. त्यांचा मागोवा घेतल्याशिवाय त्या सांदवाडीचे उत्तर देणे आम्हाला प्रशस्त वाटले नाही.

आपल्याकडे रासबेरी हा शब्द फळाच्या फार आधी आला. तो रंग म्हणून आला, आणि बाटलीतून आला. मुंबईच्या इराणी-पारशी उपाहारगृहांत मिळणारे पालनजीचे लालभडक रासबेरी पेय, बर्फाच्या गोळ्यावर ओतले जाणारे सरबत, वाढदिवसाच्या ताटलीत थरथरणारी जेली, या साऱ्यांतून मराठी माणसाच्या दोन-तीन पिढ्यांना रासबेरी ठाऊक झाली. ज्यांनी ती प्यायली त्यांतल्या बहुतेकांनी ते फळ आयुष्यात पाहिले नव्हते. एखाद्या वस्तूचे नाव, रंग आणि चव आपल्या घरात रुळावी आणि वस्तू मात्र हजारो मैल दूर राहावी, असा हा प्रकार होता. आमच्या स्नेह्यांच्या इच्छेमागे हेही अंतर थोडेसे असावे.

फळाचा मूळ इतिहास थंड प्रदेशांतला आहे. लिनीअसने १७५३ साली लाल रासबेरीला ‘रुबस इडेअस’ हे शास्त्रीय नाव दिले, ते इडा पर्वतावरून. पहिल्या शतकातला रोमन ग्रंथकार प्लिनी यानेही या झुडपाचा संबंध इडा पर्वताशी जोडला होता. युरोप आणि उत्तर आशिया यांच्या थंड जंगलांच्या कडेला, जिथे झाडे तुटून उजेड पडतो तिथे, ही झुडपे आपोआप उगवतात. त्यांची वाढीची रीत चमत्कारिक आहे. मूळ वर्षानुवर्षे जगते. त्यातून दर वर्षी नवी काठी फुटते. ती काठी पहिल्या वर्षी केवळ वाढते, हिवाळाभर झोपते, दुसऱ्या उन्हाळ्यात फळते आणि मरते. मूळ बहुवर्षायू, काठी मात्र दोन वर्षांची धनीण. या झोपेला थंडी लागते. बहुतेक जुन्या वाणांना सात अंशांखालच्या थंडीचे आठशे ते दीड हजार किंवा त्याहूनही अधिक तास मिळावे लागतात. त्याशिवाय कळ्या नीट जाग्या होत नाहीत.

‘बारमाही’ म्हणून ज्यांची ख्याती आहे ते वाण या नियमाला एक पळवाट काढतात. त्यांची नवी काठी पहिल्याच वर्षी, शरद ऋतूत, आपल्या शेंड्याला फळ धरते. ती तशीच ठेवली तर हिवाळ्यानंतर खालच्या भागाला दुसरे पीक येते. अशा दुबार फळणाऱ्या झुडपांची माहिती युरोपातल्या बागवानांना जुन्या काळापासून होती. पण त्यांना खरी प्रतिष्ठा विसाव्या शतकात मिळाली. इंग्लंडात १९१९ साली बाजारात आलेल्या एका वाणाला तेव्हाचे पंतप्रधान लॉइड जॉर्ज यांचे नाव मिळाले, आणि पुढच्या अनेक संकरांत या वाणाचे रक्त उतरले. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्याच्या जिनीव्हा येथील कृषी संशोधन केंद्राने १९४७ साली ‘सप्टेंबर’ आणि १९६९ साली ‘हेरिटेज’ हे वाण दिले. घरामागच्या बागेत रासबेरी लावणाऱ्या कित्येक अमेरिकन कुटुंबांच्या कुंपणाला आजही हेरिटेजच असते. याचे मोठे कारण म्हणजे तिची निगा सोपी. शरदातले एकच पीक घ्यायचे असेल तर हिवाळ्याच्या अखेरीस साऱ्या काठ्या जमिनीलगत कापून टाकायच्या; नवी काठी येते आणि त्याच वर्षी फळते.

तेव्हा बारमाही हा शब्द फसवा आहे. हे झुडूप बारा महिने फळत नाही. ते एकदा किंवा दोनदा फळते आणि मधल्या काळात त्याला विसावा लागतोच. पळवाट आहे ती काठीच्या पहिल्या वर्षापुरती. मुळाला थंडीचा विसावा मिळाला नाही तर पुढच्या वर्षीची फूट दुबळी होत जाते. शिवाय या झुडपाचे पान साधारण वीस अंशांच्या आसपास सर्वांत उत्तम काम करते. पारा तिशीपार गेला की फळधारणा आणि फळाचा दर्जा दोन्ही ढासळतात. मेक्सिकोसारख्या उष्ण देशात आज मोठ्या प्रमाणावर रासबेरी पिकते, ती उंच पठारांवर, प्लास्टिकच्या बोगद्यांत, आणि पुष्कळदा शीतगृहात मुद्दाम झोपवून आणलेल्या रोपांवर. तिथे थंडी विकत घेतली जाते.

आता दुसरा इतिहास. महाराष्ट्रात रासबेरीला घर मिळाले ते महाबळेश्वर-पाचगणीच्या डोंगरावर. त्याची पार्श्वभूमी अशी, की १८२९ साली सातारच्या प्रतापसिंह महाराजांकडून खंडाळा गावाच्या बदल्यात महाबळेश्वरची जागा इंग्रजांनी घेतली आणि गव्हर्नर सर जॉन माल्कम याच्या नावाने तिथे पेठ वसवली. १८३४च्या सुमारास तिथे एक तुरुंग उभा राहिला. त्यात पूर्वेकडून आणलेले चिनी आणि मलायी कैदी होते. १८६४पर्यंत तो तुरुंग होता, आणि या कैद्यांनी केलेल्या मळ्यांतून बटाटा व इतर विलायती भाज्या यांची लागवड आसपासच्या शेतकऱ्यांनी उचलली, असे सातारा जिल्ह्याच्या जुन्या गॅझेटियरवरून समजते. महाबळेश्वरच्या बागाईतीच्या इतिहासात साहेबांची नावे रस्त्यांना आणि पॉइंटांना मिळाली. ज्यांच्या हातांनी मळे फुलले त्या कैद्यांची नावे कुठेच राहिली नाहीत. पुढे पाचगणीला जॉन चेसन याने परदेशी झाडांचे प्रयोग केले. स्ट्रॉबेरी त्यानंतरच्या काळात रुजली, तिच्यामागून जॅम-सरबतांचे कारखाने आले, आणि २०१० साली महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला भौगोलिक निर्देशांक मिळाला. रासबेरी या मिरवणुकीत मागून चालत राहिली. पर्यटकांच्या टोपलीत ती दिसते, पण स्ट्रॉबेरीचा मान तिला मिळाला नाही.

यात एक गंमत अशी, की महाबळेश्वरच्या डोंगराला रासबेरी मुळीच परकी नव्हती. सह्याद्रीच्या उंच भागात रुबस कुळातली रानटी झुडपे पूर्वीपासून आहेत. त्यांना मराठीत गौरीफळ असे सुंदर नाव आहे. यांतल्या एका जातीची फळे पिकली की लाल होतात आणि मग काळपट जांभळी. पानाची खालची बाजू बर्फासारखी पांढरी, म्हणून तिचे शास्त्रीय नाव ‘निव्हिअस’. जगात तिला ‘म्हैसूर रासबेरी’ म्हणतात. लाल रासबेरीइतकी थंडी तिला लागत नाही, म्हणून उष्ण कटिबंधातल्या उंच प्रदेशांत आणि फ्लोरिडासारख्या ठिकाणी बागवानांनी तिला हौसेने नेले. आपल्या डोंगरातले हे झुडूप बाहेर मात्र निराळेच वागले. गॅलापागोस बेटांवर ते इतके माजले, की तिथल्या मूळ वनस्पतींच्या मुळावर उठलेल्या सर्वांत त्रासदायक आक्रमक झुडपांत आज त्याची गणना होते. कुमाऊँत ज्याला हिसालू म्हणतात त्या पिवळ्या रासबेरीने हवाई बेटांवर तेच केले; जगातल्या शंभर अत्यंत उपद्रवी आक्रमक जातींच्या यादीत तिचे नाव आहे. मूळ मातीत ज्यांच्यावर किडे, पाखरे, चरणारी जनावरे यांचा अंकुश होता, ती झुडपे बाहेर गेल्यावर निरंकुश झाली.

झाडीपट्टीला हा अनुभव उलट्या दिशेने आलेला आहे. इथल्या तलावांच्या काठी फिकट जांभळ्या फुलांची ‘बेशरम’ माजलेली कोणीही पाहावी. मूळची उष्ण कटिबंधीय अमेरिकेतली ही वनस्पती कुंपणासाठी आणि शोभेसाठी सोयीची वाटली; आज ती तलावाच्या पोटात शिरून गाळ अडवते. तेव्हा ‘एक रोप लावून पाहू, काय बिघडते’ हे वाक्य इतिहासाला परवडलेले नाही. लाल रासबेरीपासून गोंदियात तसले भय नाही, कारण इथले ऊनच तिचा निकाल लावते. परंतु शोभा म्हणून आलेल्या गोष्टीचा हिशेब पुढच्या पिढीला द्यावा लागतो, एवढे भान ठेवलेले बरे.

तिसरा इतिहास चोरखमाऱ्याच्या अंगणातला आहे. जुना भंडारा जिल्हा तलावांचा जिल्हा म्हणून ओळखला जाई. १ मे १९९९ रोजी गोंदिया वेगळा झाला तेव्हा त्या तलावांचा मोठा वाटा इकडे आला. यांतल्या जुन्या तलावांचे श्रेय कोहळी समाजाला दिले जाते. चांद्याचा एक गोंड राजा काशीयात्रेला गेला असता तिथल्या या लोकांचे पाण्याचे कसब पाहून त्याने त्यांना आपल्या राज्यात बोलावून आणले, अशी कथा रसेल आणि हिरालाल यांच्या १९१६ सालच्या मध्य प्रांतातील जाती-जमातींवरील ग्रंथात नोंदलेली आहे. ही कथा शब्दशः खरी मानावी असा आमचा आग्रह नाही. मात्र वैनगंगेच्या खोऱ्यात कोहळ्यांनी तलाव बांधले आणि त्या पाण्यावर ऊस व धान पिकवले, याबद्दल वाद नाही. मातीची पाळ, पाणी सोडायचे तुडुम, जादा पाणी वाहून जायची सलंग, असे या विद्येचे स्वतःचे शब्द आहेत. धान फुलोऱ्यावर असताना पावसाने दडी मारली की तलावाचे पाणी सुटे आणि वर्षाचे अन्न वाचे.

पुढे मालगुजारीच्या काळात हे तलाव मालगुजारांच्या नावावर चढले; गावकऱ्यांचे पाण्यावरचे, चराईवरचे, माशांवरचे निस्ताराचे हक्क परंपरेने चालत राहिले. १९५० सालच्या कायद्याने मालगुजारी संपली आणि तलाव सरकारजमा झाले. जमीनदारी गेली हे न्यायाचेच झाले. परंतु तिच्याबरोबर दर उन्हाळ्यात गाळ काढण्याची, पाळीची डागडुजी करण्याची गावाची शिस्तही गेली. मालकी बदलली की जबाबदारी आपोआप बदलत नाही, हे इथे पुष्कळ तलावांनी गाळाने भरून सिद्ध केले.

या पाण्याचा धाकटा भाऊ म्हणजे सांदवाडी. घरामागची ती कुंपणाची जागा, जिला पुण्या-मुंबईकडे परसबाग म्हणतील. शेत धान्याचे, जंगल मोहाचे, टेंभराचे आणि चारोळीचे, तलाव माशांचा आणि शिंगाड्याचा. या तिघांतून जे मिळत नाही ते सांदवाडीतून मिळे. कुंपणावर पोपटाच्या शेंगांचा वेल, कोपऱ्यात मुनगा, न्हाणीच्या पाण्यावर केळ आणि पपई, विहिरीजवळ लिंबू, आणि एक तरी जाम. पेरूला विदर्भात जाम म्हणतात, हे वाचकांना ठाऊक असेलच. ही बाग आखलेली नसे. तिची बी-बियाणी बायकांच्या गाडग्यांत असत, आणि कोणते झाड कधी पाण्याविना ठेवायचे हे ज्ञान त्यांच्या बोलण्यात असे. जमिनीच्या सातबाऱ्यावर सांदवाडीच्या पिकाची नोंद होत नाही. म्हणून तिचा इतिहासही नाही.

या शेवटच्या ज्ञानापाशी आम्हाला आमचे उत्तर सापडले. विदर्भातला संत्रा-लिंबाचा शेतकरी ज्याला बहार म्हणतो ती कल्पना मोठी सूक्ष्म आहे. या प्रदेशात झाडाला झोपवील अशी थंडी नाही. मग फूल एकवटून कसे यावे? त्यासाठी पाणी तोडायचे. जमिनीच्या मगदुराप्रमाणे महिना-दोन महिने झाडाला ताण द्यायचा. पाने मलूल होतात, वाढ थांबते, अन्नसाठा फांदीत राहतो. मग पाणी सोडले की झाड एकदम फुलून येते. डिसेंबर-जानेवारीच्या ताणावर येतो तो आंबिया बहार, उन्हाळ्याच्या ताणावर मृगाच्या पावसाने फुलतो तो मृग बहार, आणि पावसाळा सरताना लिंबावर येतो तो हस्त बहार. झाडाच्या मनाने घेतले तर तिन्ही वेळा थोडे थोडे फुलेल. जाणता शेतकरी तसे होऊ देत नाही. तो एकच बहार धरतो, कारण तिन्ही घेतले तर झाड काही वर्षांत खंगते. भोसल्यांच्या अमदानीत तेव्हाच्या औरंगाबादेहून, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगराहून, नागपुरास संत्र्याची कलमे आली अशी परंपरा सांगते. ती कलमे इथे टिकली आणि नागपूरचीच झाली, त्याला जमीन आणि हवा जितकी कारण आहे तितकीच ही ताणाची विद्याही.

जिनीव्हाचा संशोधक आणि काटोलचा संत्राबागाईतदार एकाच कोड्याशी झगडले, असे म्हणायला हरकत नाही. झाडाला विश्रांती कशी द्यायची, हे ते कोडे. एकाकडे विश्रांती हिमातून येते, दुसऱ्याकडे कोरड्या मातीतून. ‘बारमाही’ फळ दोघांपैकी कोणालाच मिळालेले नाही. दोघांनी झाडाच्या विसाव्याची वेळ आपल्या सोयीने थोडी पुढेमागे सरकवली, एवढेच त्यांचे यश, आणि ते काही लहान नव्हे. म्हणूनच लाल रासबेरी चोरखमाऱ्याला का राहणार नाही, हेही स्पष्ट होते. तिला कळणारी विश्रांती इथे नाही, आणि इथे मिळणारी विश्रांती, म्हणजे एप्रिल-मेचा कोरडा ताण आणि पंचेचाळीस अंशांकडे झुकणारे ऊन, तिला मृत्यूच वाटते. त्यातून वाचलीच, तर पुढे धानाच्या चिखलाचा पावसाळा आहे, आणि तुंबलेल्या पाण्यात तिची मुळे कुजतात.

हे सारे आम्ही स्नेह्यांना लिहून कळवले. त्यांनी ते शांतपणे वाचले आणि तरीही कुंडीतले एक रोप नोव्हेंबरात मागवले. आम्हाला त्यात हट्ट दिसला नाही. कुंडीत रेताड माती, तळाला भोक, सकाळचे ऊन आणि दुपारी सावली, अशी सोय केली तर हिवाळ्याचे तीन-चार महिने हे झुडूप पाहुण्यासारखे राहू शकते, हे आम्हीच त्यांना सांगितले होते. फेब्रुवारीत शेंड्याला सहा फळे आली. नातवाचे परतीचे तिकीट त्याआधीचे होते. आजोबांनी फळांचे छायाचित्र पाठवले. आजवर छायाचित्रे तिकडून इकडे येत, या वेळी एक उलट गेले. एप्रिलच्या अखेरीस पाने कडेने करपली, आणि मेच्या दुसऱ्या आठवड्यात काठी वाळून गेली.

त्यांनी पुन्हा विचारले, दुसरे रोप आणावे का? आणावे, असे आम्ही म्हटले. पण ते झाड म्हणून नव्हे, शेवंतीसारखे एका हंगामाचे म्हणून. पैसे आणि उमेद असेल तर दर वर्षी. कुंपणाची कायमची जागा मात्र तिथे राहणाऱ्यांना द्यावी. करवंद लावावे, लिंबू लावावे, आणि घरात आधीपासून उभा असलेला जाम, ज्याच्याकडे कोणी लक्षच देत नव्हते, त्याचा बहार धरावा. पावसाळ्यातली जामाची फळे पाणचट आणि किडकी निघतात, म्हणून उन्हाळ्यात ताण देऊन मृगाच्या पाण्यावर फुलवलेले झाड हिवाळ्यात उत्तम फळ देते. नातू येतो तोही हिवाळ्यातच.

हा सल्ला आम्ही शोधून काढलेला नाही. त्यांच्या आईला तो ठाऊक होता. तिच्यानंतर घरात कोणी विचारला नाही, म्हणून कोणी सांगितला नाही. तलावाच्या गाळाबाबत गावाचे जे झाले, तेच सांदवाडीबाबत घराचे झाले होते.

यंदाच्या मेच्या अखेरीस त्यांचा फोन आला. जामाची पाने गळू लागली आहेत, जीव राहवत नाही, दोन बादल्या पाणी घालू का, असे ते विचारत होते. मृग लागायला अजून आठवडा होता. आम्ही सांगितले, घालू नका, थांबा.